पर्समधल्या बेचाळीस गोळ्या

"मॅडम, ही औषधं सोडून दुसरं काही करता येईल का?"

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार (आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे हे आजार) असलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिल्या नाहीतर दुसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. काही जण आधी विचारतात. काही जण आधी औषध सोडतात आणि मग विचारतात. अशाच एका बाईंची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना सुजाताताई म्हणू.

सुजाताताईंना अल्सरेटिव्ह कोलायटिस. दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब, त्यात रक्त. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू केलं आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने कमी करायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात अझाथायोप्रिन या, प्रतिकारशक्तीला आवर घालून सूज रोखणाऱ्या औषधाची रोज एक गोळी जोडली. आतड्याची सूज कमी करणारं मेसालामाइन आधीपासून चालूच होतं. आठवडाभरात रक्त थांबलं, पण चेहरा गोल झाला, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागेना, आणि मुलाच्या हातून पाणी सांडलं एवढ्यावरून त्या इतक्या ओरडल्या की मूल दाराआड जाऊन उभं राहिलं. "माझा फोनसुद्धा माझा चेहरा ओळखत नाही हो," असं म्हणून त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून दाखवला. तो उघडला नाही.

मी त्यांना आधी एवढंच सांगितलं, की झोप उडणं, चिडचिड, एकदम रडू येणं हे स्टिरॉइडचे माहीत असलेले परिणाम आहेत. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. हे ऐकून त्या बराच वेळ रडल्या. दोन महिने त्या स्वतःला वाईट आई समजत होत्या. औषध सुरू करतानाच हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्या दुसऱ्या भेटीला आल्या तेव्हा रक्त पुन्हा सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अझाथायोप्रिन लागू पडलेलं दिसत नाही, आता बायोलॉजिकची (सूज आणणाऱ्या नेमक्या घटकांना अडवणाऱ्या जैविक औषधांची) इंजेक्शनं द्यावी लागतील. ताई घाबरल्या होत्या, पण त्यांच्या बोलण्यात भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, "गोळ्या रोज घेत होतात ना?" त्यांनी पर्समधून चेनचं छोटं पाऊच काढलं आणि टेबलावर रिकामं केलं. पिवळट गोळ्या घरंगळत माझ्या वहीपर्यंत आल्या. आम्ही दोघींनी त्या मोजल्या, बेचाळीस भरल्या. नवरा रोज रात्री स्ट्रिप बघायचा, म्हणून त्या गोळी स्ट्रिपमधून काढायच्या आणि पाऊचमध्ये टाकायच्या.

अझाथायोप्रिनने त्यांना सतत मळमळायचं. शिवाय डब्यातल्या माहितीपत्रकात लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) हा शब्द वाचला होता. त्याच सुमाराला एका नातेवाइकांनी जडीबुटीचं चूर्ण पाठवलं, 'याने मुळापासून बरं होतं' म्हणून. त्यांनी गोळी थांबवली, चूर्ण सुरू केलं. आणि खरंच, पुढचे काही आठवडे पोट शांत होतं. त्यांच्या दृष्टीने हा सरळ पुरावा होता.

मी वहीत एक रेघ ओढून आठवडे लिहिले. चूर्ण सुरू केलं तो पाचवा आठवडा. तेव्हा स्टिरॉइड २० मिलिग्रॅमवर होतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत चालू होतं. अझाथायोप्रिनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंतचा काळ निभावून न्यायलाच स्टिरॉइड असतं. म्हणजे पोट शांत होतं ते बहुधा त्याच स्टिरॉइडमुळे, ज्याचा त्यांना सगळ्यात जास्त राग होता. ते संपलं, मागे अझाथायोप्रिन उभं नव्हतं, आणि तीन आठवड्यांत रक्त आलं. ताई रेघेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांना वाटतंय ते औषध फसलं. पण मी तर ते घेतलंच नाही."

मला या सगळ्यात हेच सर्वात घातक वाटतं. औषध नकोसं होणं अगदी समजण्यासारखं आहे. पण ते लपवलं की डॉक्टर चुकीच्या माहितीवर पुढचं पाऊल टाकतात, तेही रुग्णाच्याच शरीरावर. चूर्णाचंही तसंच. त्यात नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा काही औषधांत शिसं, पारा किंवा चक्क स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. अझाथायोप्रिन यकृतावर परिणाम करू शकतं आणि काही वनस्पतीही करू शकतात. उद्या यकृताची तपासणी बिघडली तर दोष कुणाचा, हे ओळखायचं कसं?

मी डॉक्टर नाही, म्हणून औषध बदला किंवा थांबवा असं मी कधीच सांगत नाही. स्टिरॉइडच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते: काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका. त्या काळात शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी केलेलं असतं. गोळी अचानक तुटली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

माझं काम होतं ताईंना डॉक्टरांसमोर खरं बोलण्याचं बळ देणं. आम्ही एका कागदावर लिहिलं: गोळी कधी थांबवली, का थांबवली, त्याऐवजी काय घेतलं, कशाची भीती वाटते. बोलताना रडू आलं तर कागद पुढे करायचा, असं ठरलं. चूर्णाची बाटलीही सोबत न्यायची.

डॉक्टर रागावले नाहीत. (काही डॉक्टर रागावतात, तेही मी पाहिलं आहे. म्हणूनच तर रुग्ण लपवतात.) त्यांनी इंजेक्शनांचा विषय बाजूला ठेवला. अझाथायोप्रिनने मळमळणाऱ्या काहींना त्याच घराण्यातलं मर्कॅप्टोप्युरिन सोसतं, ते कमी मात्रेत सुरू केलं. रक्तपेशी आणि यकृत यांची तपासणी सुरुवातीला वरचेवर करायची ठरली. ताप, घसा दुखणं, डोळे पिवळे होणं किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, यांपैकी काही झालं तर लगेच फोन करायचा. लिम्फोमाचा धोका या औषधांनी वाढतो हे खरं, पण मुळात तो इतका विरळ आहे की वाढूनही कमीच राहतो, हे त्यांनी समजावलं. रक्त थांबवण्यासाठी मेसालामाइनचा एनिमा (गुदद्वारातून द्यायचं औषध) जोडला. त्याचं काम मुख्यतः आतड्याच्या शेवटच्या भागातच होतं, बाकी शरीराला झळ कमी. दुष्परिणाम कमी करायचे तर औषधाची वाट बदलणं हासुद्धा एक पर्यायच असतो.

मग पर्यायी उपचारांचं काय? मी ते झिडकारत नाही. क्रोन्स असलेल्या मुलांना ६ ते ८ आठवडे फक्त विशिष्ट पोषणद्रवावर ठेवून स्टिरॉइडशिवाय आजार आटोक्यात आणतात. ही मान्य पद्धत आहे, मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालची. हळदीतल्या कर्क्युमिनवर २०१५ मध्ये ५० रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेसालामाइनने आराम न पडलेल्यांना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा महिन्याभरात निम्म्याहून थोड्या अधिक जणांचा आजार शांत झाला. चाचणी छोटी आहे. पण मी त्यातली दुसरीच गोष्ट दाखवते: त्या सगळ्यांचं मेसालामाइन चालूच होतं. कर्क्युमिन दिलं ते औषधासोबत, औषधाऐवजी नव्हे. श्वसन, योग, ध्यान आणि माझं समुपदेशनसुद्धा याच 'सोबत'च्या रांगेत बसतं. यांनी झोप सुधारते, भीती कमी होते, जगणं सुसह्य होतं. आतड्याची सूज यांनी उतरेल असं वचन मी कुणाला देत नाही.

ताईंचा चेहरा पुढच्या दोन-तीन महिन्यांत पूर्ववत झाला. मळमळ अधूनमधून होते, पण गोळी रात्री झोपताना घेतल्यावर सोसते. मागच्या तपासणीला त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना विचारलं, "कर्क्युमिन घेऊन बघू का?" डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने रक्ततपासणी स्थिर राहू दे, मग ठरवू. त्यांनी ती तारीख डायरीत लिहून घेतली आणि खाली, माझ्यासाठी, आणखी एक ओळ लिहून आणली: 'पाऊच रिकामं आहे.'