‘शक्त’, ‘शाक्त’ आणि देवीचे भक्त

शिवाजी महाराजांच्या दुसऱ्या राज्याभिषेकाला काही जण ‘शाक्त राज्याभिषेक’ म्हणतात. यातले ‘शाक्त’ हे ‘शक्त’चे अशुद्ध रूप आहे का, आणि तुळजाभवानीच्या कोणत्याही भक्ताला शाक्त म्हणता येईल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

दोन्ही शब्द शुद्ध आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी ‘शक्’, म्हणजे समर्थ असणे, हा एकच धातू आहे. मात्र त्यांची घडण निराळी आहे. ‘शक्’ला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘शक्त’ म्हणजे समर्थ हे विशेषण होते. मराठीत ते एकटे क्वचित भेटते, पण ‘अशक्त’ आणि ‘सशक्त’ यांत आपण ते रोज वापरतो. त्याच धातूपासून ‘शक्ति’ हे नाम झाले, आणि ‘शक्ति ही ज्याची देवता’ या अर्थाने त्या नामाला तद्धित प्रत्यय लागला, तेव्हा आद्य स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे ‘श’चा ‘शा’ होऊन, ‘शाक्त’ सिद्ध झाला. शिवाचा तो शैव, विष्णूचा तो वैष्णव, सूर्याचा तो सौर, तसा शक्तीचा तो शाक्त.

या शब्दांमागचा विचार ‘सौंदर्यलहरी’च्या पहिल्याच चरणात एकवटलेला आहे: ‘शिवः शक्त्या युक्तो यदि भवति शक्तः प्रभवितुं’. शक्तीशी जोडलेला असेल तरच शिव काही घडवण्यास ‘शक्त’ होतो. एरवी त्याला हालचालही करता येत नाही, असे पुढचा चरण सांगतो. हे स्तोत्र परंपरेने शंकराचार्यांचे मानले जाते. देवी ही कुणाची सहचारिणी म्हणून नव्हे, तर परमतत्त्व म्हणून पूजणे, हे शाक्तमताचे मर्म आहे, आणि मार्कण्डेयपुराणातील ‘देवीमाहात्म्य’, म्हणजे आपल्याकडे नवरात्रात वाचली जाणारी सप्तशती, हा त्या मताचा आधारग्रंथ आहे.

राज्याभिषेकाबद्दल बोलताना मात्र शब्द जपून निवडावा. 6 जून 1674 रोजी गागाभट्टांनी वैदिक विधीने अभिषेक केला, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला, ललितापंचमीच्या दिवशी, निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक विधीने दुसरा केला. ‘तांत्रिक’ हे पद्धतीचे नाव आहे आणि ‘शाक्त’ हे उपास्यावरून पडलेले. तंत्रे, म्हणजे अशा उपासनाविधींचे ग्रंथ, शैवांचीही आहेत, वैष्णवांचा पांचरात्र आगमही त्याच कुळातला. म्हणून ‘वैदिक’ या शब्दाशी जोडी लावायची असेल तर ‘तांत्रिक’ हाच शब्द नेमका बसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. गुरूकडून पंधरा अक्षरांचा पंचदशी मंत्र घेऊन श्रीयंत्राची नवावरण पूजा, म्हणजे त्याच्या नऊ आवरणांची क्रमाने पूजा, करणारा श्रीविद्येचा, म्हणजे ललिता त्रिपुरसुंदरीच्या तांत्रिक उपासनेचा, उपासक निःसंशय शाक्त होय. पण गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन ‘आई राजा उदो उदो’ म्हणत तुळजापूरला येणारा आराधी स्वतःला शाक्त म्हणवत नाही. आराधी, भुत्या, गोंधळी ही त्याच्या लोकांची नावे. घरच्या देवीला तो कुलस्वामिनी म्हणतो, आणि तिचा कुलधर्म पाळणारे घर एकादशीही करते, वारीलाही जाते. हे शब्द आपल्या मातीतले आहेत, त्यांना स्वतःचे वजन आहे. ते बाजूला सारून त्या जागी एक पंथवाचक शब्द ठेवला, तर ही उपासना ज्यांनी सांभाळली त्यांचीच ओळख पुसली जाते.

त्यातच ‘शाक्त’ या शब्दाला भक्तिपरंपरेत एक कडवट छटा आलेली आहे. कबीरांच्या वाणीत आणि गुरू ग्रंथसाहिबात ‘साकत’ म्हणजे हरिविमुख माणूस, आणि तुकोबांनीही शाक्तांवर कठोर टीका केली आहे. संतवाङ्मयात हा शब्द आला की तिथे तत्त्वज्ञानाचे नाव नव्हे, तर वामाचाराबद्दलचा, म्हणजे मद्यमांस वापरणाऱ्या तांत्रिक आचाराबद्दलचा, रोष वाचावा लागतो. आजच्या अभ्यासपर लेखनात त्याला ती छटा नाही.

लेखनाविषयी एवढेच, की मराठीत सुटा शब्द ‘शक्ती’ असा दीर्घ लिहिला जातो, पण समासाचे पहिले पद असताना तो ऱ्हस्व राहतो: शक्तिपीठ, शक्तिपूजा. फलकांवर सर्रास दिसणारे ‘शक्तीपीठ’ प्रमाणलेखनाला धरून नाही.