आरे कॉलनीत सापडलेला काळा भुंगेरा नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

पावसात ट्यूबलाइटखाली आलेला सेंटिमीटरभर लांबीचा काळा भुंगेरा, आणि मोबाइलच्या अ‍ॅपने प्रत्येक फोटोला दिलेलं वेगळं नाव, असा तुमचा प्रश्न आहे. भुंगेऱ्यांच्या जवळपास चार लाख जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि त्यात काळे, लांबट, चकचकीत असे ढिगाने आहेत. नुसत्या पाठीच्या फोटोवरून जात सांगता येईल असे थोडेच.

आधी कुळ ठरवा. तुमच्या वर्णनावरून दोन कुळं डोळ्यांसमोर येतात, कॅरॅबिडी (इंग्रजीत ग्राउंड बीटल) आणि टेनेब्रिओनिडी (डार्कलिंग बीटल). भुंगेरा डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सुस्तावतो. बोटाने धरू नका, काही भुंगेरे त्वचेला झोंबणारा द्रव सोडतात. मग उताणा करून भिंगातून पायाच्या टोकाची पेरं मोजा. तिन्ही जोड्यांना पाच-पाच असतील तर कॅरॅबिडी असू शकतो. मागच्या जोडीला चारच असतील तर बहुधा टेनेब्रिओनिडी. पण पेरं तुटतात, म्हणून माझा जास्त भरवसा मागच्या पायांच्या मुळांवर. कॅरॅबिडीत ती पोटाचा पहिला पट्टा मधोमध तोडून मागे गेलेली दिसतात. टेनेब्रिओनिडीत तो पट्टा सलग असतो, आणि मिशांचं मूळ डोक्याच्या कडेखाली झाकलेलं असतं.

जात ठरवणं मात्र फार कठीण. पुष्कळदा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्याच्यावरून त्या जातीला पहिल्यांदा नाव दिलं त्या भुंगेऱ्याशी, ताडावं लागतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी जातींचे मूळ नमुने लंडनला आहेत. भारतातल्या कॅरॅबिडींवरचे ब्रिटिश कीटकतज्ज्ञ अँड्र्यूज यांचे खंड १९२९ आणि १९३५ चे, तरी अजून उघडावे लागतात. म्हणून 'कॅरॅबिडी, जात अनिश्चित' हेही पूर्ण उत्तर आहे. ओढूनताणून लावलेलं नाव नोंदीत शिरलं, की पुढचे लोक त्याच फोटोशी आपला भुंगेरा जुळवत बसतात.

जाणकारांना दाखवायचं तर मुंबईत फोर्टात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. वरून, बाजूने, पोटाकडून फोटो, शेजारी मोजपट्टी, तारीख आणि जागा एवढं सोबत ठेवा. आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. पोटाकडचा स्पष्ट फोटो इथे टाकलात तर कुळापर्यंत मी नक्की मदत करीन.