मुलं गळू नयेत म्हणून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तासिका तत्त्वावर का होईना, पण आपल्याच कॉलेजात शिकवायला लागलीस, हे वाचून फार बरं वाटलं. गुरु-पालक योजनेत तुझ्या वाट्याला पंचवीस मुलं आली आहेत आणि त्यांच्यासाठी नेमकं काय करायचं, असं विचारतेस. कागदावर महिन्याची एक बैठक आणि सह्या एवढंच असतं. तेवढ्यावर थांबू नकोस.

मी थांबलो होतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि माझ्याकडचा एक मुलगा दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आलाच नाही. मन लागत नसेल, असं समजून मी यादीतलं त्याचं नाव खोडलं. सहा-सात वर्षांनी तो एका गॅरेजात भेटला. म्हणाला, "सर, गणिताचे दोनच पेपर राहिले होते. मला वाटलं, वर्ष गेलं. घरी परत फी कशी मागू?" ए.टी.के.टी. घेऊन, म्हणजे राहिलेले पेपर नंतर देण्याच्या सवलतीवर, पुढच्या वर्गात बसता आलं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. अजून सलतं ते.

गरिबाघरची मुलं अभ्यास जमत नाही म्हणून गळतात, असं आपण धरून चालतो. मी पाहिलेली बरीचशी कागदांपायी गळाली. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असतो, हेच ठाऊक नसतं. दाखल्यात त्रुटी निघून अर्ज परत येतो, खात्याला आधार जोडलेलं नसतं, आणि पोर समजतं शिष्यवृत्ती नाकारली. तू शेजारी बसून लॉगिन उघडायला लाव. अर्ज आपल्याच कॉलेजच्या टेबलावर अडकलेला दिसला, तर स्वतः उठून कार्यालयात जा. मुलं तिथं बोलायला घाबरतात.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'असॅप' हा कार्यक्रम सुरू केला. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी, नियमित भेट सक्तीची, शिवाय उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि प्रवासाचा पास. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करणारे तिथं ४० टक्के निघाले. कार्यक्रमाबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत २२ टक्के. नुसत्या सल्ल्याची ही करामत नव्हे, हे विसरू नकोस. सल्ला आणि बसभाडं दोन्ही लागतं. म्हणून कॉलेजात काम करून शिकायच्या 'कमवा-शिका' योजनेच्या जागा कधी भरतात, हे आधीच विचारून ठेव.

कुणी आठ दिवस दिसलं नाही, तर फोन कर. "का येत नाहीस?" असं विचारलंस, तर ते गप्प बसेल. "एसटीचा पास संपला का? घरी कापूस वेचणी चालू आहे का?" असं विचार, मग बोलेल.

परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख लागली, की त्याआधी चार दिवस पंचवीस नावं ताडून बघ. पैशांवाचून कुणाचा फॉर्म राहत असेल, तर त्याच संध्याकाळी मला कळव. मी बघतो.

तुझे
सर