परदेशी निघताना आईबाबांच्या जेवणाची आणि गोळ्यांची व्यवस्था

तुम्ही विचारलंत की सप्टेंबरात जर्मनीला जाण्याआधी घोडबंदर रोडला राहणाऱ्या आईबाबांसाठी (बाबांना डायबेटिस, आईंना बीपी) काय करून ठेवावं. मेडिक्लेमचं तुम्ही पाहालच. बिघडायला सुरुवात होते ती रात्रीच्या जेवणापासून. ‘दोघांसाठी कुठे कुकर लावायचा’ म्हणत चहा-खारीवर भागवलं जातं.

बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर हे धोक्याचं आहे. ती गोळी इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन जेवण टाळलं की रात्रीत साखर उतरू शकते: दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा दिसला तर लगेच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सावरले की थोडं खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ 108 लावायचा. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. जेवण चुकलं तर गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना बाबांसमोरच विचारून घ्या.

बीपीचं मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून 5 मिनिटं शांत बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. चहा पिऊन लगेच किंवा बोलत मोजलं की आकडा चढतो आणि आई उगाच घाबरतात. त्याहून वाईट म्हणजे आकडा चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करणं. तो आकडा गोळीमुळेच चांगला आलेला असतो, हे त्यांना नीट समजावून सांगा. गुडघेदुखीवर केमिस्टकडून आणलेल्या डायक्लोफिनॅकनेही बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो.

फोनवर ‘बरे आहात ना?’ विचारलं तर उत्तर ‘मजेत’ हेच येणार. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तुमच्या संध्याकाळी 5 ला ठाण्यात साडेआठ वाजतात (ऑक्टोबरअखेर घड्याळं बदलली की साडेनऊ, तेव्हा फोन तासभर आधी करा). ताट वाढलेलं असताना व्हिडिओ कॉल करा, म्हणजे ताटात काय आहे ते न विचारता कळतं. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) बाबांची दर 3 महिन्यांनी, आणि रिपोर्ट तुमच्याही ईमेलवर येईल असं लॅबला सांगून ठेवा.

एक किल्ली शेजारी द्या. मात्र रात्री आतून कडी लावायची नाही, फक्त लॅच, हे आईबाबांकडून कबूल करून घ्या. कडी लागलेली असली तर शेजाऱ्यांकडे किल्ली असूनही दार फोडावं लागतं.