‘बागी’ला मराठीत काय म्हणावं?

पुण्याहून भाचीनं विचारलंय: चंबळवरचा हिंदी लेख मराठीत करते आहे, ‘बागी’ला ‘डाकू’ लिहू की ‘बंडखोर’?

बाळ, दोन्ही नको. बागीच ठेव. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतही आजी-आजोबा ‘बागी’च म्हणत.

‘बंडखोर’ म्हटलं की आज वाचकाला तिकीट न मिळालेला उमेदवार आठवतो. ‘डाकू’ आला डाक्यावरून. माणसानं काय केलं, एवढंच तो सांगतो. कायद्यात तर त्याला मोजमापही होतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. ‘बागी’ मात्र अरबी, बगावतीच्या कुळातला. त्यात कृत्य नाही, सत्तेशी तुटलेलं नातं आहे. म्हणून भिंड-मुरैन्यात घरचे म्हणतात, ‘लड़का बागी हो गया’, ‘बीहड़ में कूद गया’, म्हणजे चंबळच्या घळींत शिरला. ठाण्याच्या कागदावर तोच मुलगा ‘डकैत’.

आणि कागदावरचा शब्द नुसता वर्णन करून थांबत नाही. जमिनीच्या वादातून हातून खून झाला, माणूस फरार झाला, नाव चढलं, परतीची वाट बंद झाली. मग टोळी, मग पोटासाठी खरोखरचे दरोडे. शिक्का आधी, धंदा नंतर. पानसिंह तोमर सैन्यातला, स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता; भाऊबंदकीतल्या जमिनीच्या तंट्यातून बीहडात गेला आणि १९८१ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला.

तुझ्या लेखात मुरैना जिल्ह्यातलं १९७२ चं जौरा येईलच. तिथे जयप्रकाश नारायणांच्या उपस्थितीत बागींनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. तिथे ‘शरणागती’ लिहू नकोस, ‘आत्मसमर्पण’च लिही. पोलिसांपुढे हार मानली, असं त्यांना म्हणायचं नव्हतं.

पण एक शब्द जसाच्या तसा घेऊन पुढे जाऊ नकोस: ‘पकड़’. खंडणीसाठी उचलून नेलेल्या माणसाला तिकडे ‘पकड़’ म्हणतात. ‘बागी’ या शब्दात मानाचा वास आहे, आणि त्याच बोलीत ओलीस धरलेला शेतकरी किंवा दुकानदार नुसती एक वस्तू होतो. तिथे पहिल्यांदा ‘पकड’ लिही, आणि लगेच पुढे त्या माणसाचं नाव, गाव, त्याला किती दिवस डांबलं होतं ते लिही. लेखात असेलच ते.