ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या ऑनलाइन पुस्तकयादीत) 'मराठवाड्यातील दुष्काळ आणि स्थलांतर' शोधल्यावर शून्य निकाल येतात, तर एम.ए.च्या प्रबंधासाठी पुस्तकं कशी शोधावीत?

अख्खं शीर्षक टाकू नका, तिथेच घोळ होतो. ओपॅक म्हणजे गूगल नव्हे; तुम्ही टाकलेले सगळे शब्द एकाच नोंदीत असतील तरच ते सहसा निकाल दाखवतं. फक्त 'दुष्काळ' टाका. मग रोमनमध्ये dushkal, dushkala, duskal असं सगळं करून बघा, कारण बऱ्याच ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत, ज्याला जसं सुचलं तशी झालेली असते. (वैताग आहे, पण इलाज नाही.)

एक तरी कामाचं पुस्तक सापडलं की त्याची नोंद उघडा आणि त्यातल्या विषय-शीर्षकावर (नोंदीत दिलेल्या विषयाच्या नावावर) क्लिक करा. त्याच विषयाची बाकीची पुस्तकं एकदम समोर येतात. शिवाय वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक) टिपून त्या कपाटापाशी जा. शेजारची पुस्तकंही चाळा.

आधी झालेले पीएच.डी.चे प्रबंध बघायला इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेचं 'शोधगंगा' हे संकेतस्थळ मोफत आहे. तिथल्या प्रबंधात आधी शेवटची संदर्भसूची उघडा, निम्मी शोधाशोध कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. आणि हो, ग्रंथपालांना विचारायला लाजू नका.