पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड आहे, तरी कॉम्प्युटरला आयपी मिळत नाही?

तुम्ही लिहिलंय की स्विचचा पोर्ट ५ व्हीलॅन २० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) अनटॅग्ड आहे, राउटरकडचा पोर्ट ८ टॅग्ड आहे, तरी कॉम्प्युटरला २० मधला आयपी मिळत नाही. सगळ्यात आधी पोर्ट ५ चा पीव्हीआयडी (पोर्टला नेमून दिलेला व्हीलॅनचा नंबर) बघा. बहुधा तो अजून १ च असेल.

'अनटॅग्ड' हे सेटिंग फक्त बाहेर जाणाऱ्या फ्रेमसाठी (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यासाठी) असतं: जाताना टॅग, म्हणजे त्यावरची व्हीलॅनच्या नंबरची खूण, काढायचा, एवढंच. आत येणारी, टॅग नसलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायची ते पीव्हीआयडी ठरवतो. म्हणून तुमच्या कॉम्प्युटरची डीएचसीपीची (आपोआप आयपी देणाऱ्या सेवेची) विनंती व्हीलॅन १ मध्ये जाते आणि २० च्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. पोर्ट व्हीलॅन १ चाही अनटॅग्ड सदस्य राहिला असेल, तर तिथलाच आयपी मिळतो आणि गोंधळ आणखी वाढतो. तेव्हा पीव्हीआयडी २० करा आणि पोर्ट ५ व्हीलॅन १ मधून काढा. सिस्कोच्या ॲक्सेस पोर्टवर एकाच कमांडमध्ये दोन्ही होतं. वेबवरून चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि दुसरं पान सहज राहून जातं.

टॅग्ड की अनटॅग्ड, हे ठरवताना मी एकच बघतो: पलीकडच्या उपकरणाला टॅग वाचायला सांगितलंय का? ८०२.१क्यू या व्हीलॅनच्या मानकातला टॅग म्हणजे फ्रेममध्ये घातलेले ४ बाइट, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरचे. साधा कॉम्प्युटर किंवा प्रिंटर तो वाचत नाही, त्याला अनटॅग्डच द्या. दुसरा स्विच, राउटर किंवा अनेक वायफाय नावं देणारा ॲक्सेस पॉइंट असेल तर टॅग्ड. ॲक्सेस पॉइंटचं स्वतःचं मॅनेजमेंट बहुतेकदा अनटॅग्ड ठेवतात.

दोन स्विचमधल्या लिंकवर दोन्ही टोकांचा अनटॅग्ड व्हीलॅन एकच हवा. एकीकडे १ आणि दुसरीकडे २० असला, तर दोन वेगळी नेटवर्कं गुपचूप एकमेकांना जोडली जाऊ शकतात. लिंक बंद पडण्यापेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते, कारण वरवर सगळं सुरळीत दिसतं.

ज्या पोर्टवरून तुम्ही स्विचमध्ये लॉगिन केलंय, तो सगळ्यात शेवटी बदला, नाहीतर स्वतःच बाहेर पडाल. बदल सेव्ह करा, केबल काढून परत लावा, म्हणजे कॉम्प्युटर नव्याने आयपी मागेल. मग स्विचचं मॅक टेबल (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर आणि व्हीलॅनमध्ये आहे त्याची यादी) उघडा. तिथे कॉम्प्युटरचा मॅक पत्ता व्हीलॅन २० मध्ये दिसत असेल आणि तरीही आयपी नसेल, तर पोर्ट ५ चं काम झालं. आता पोर्ट ८ खरंच २० मध्ये टॅग्ड आहे का आणि राउटरवर व्हीलॅन २० चा इंटरफेस व डीएचसीपी चालू आहे का, ते बघा.